सायकलला जोडलेली गाडी

मी माहेर सोडलं ते गणपतीच्या टेंपोत बसून. श्रावण होता, मुहूर्त नव्हता, पण आमच्या रोह्याच्या स्टॉलचा शेवटचा माल निघत होता आणि ड्रायव्हरशेजारी एक जागा रिकामी होती. प्रमोदशी माझं लग्न आदल्याच आठवड्यात सह्या करून झालं होतं. सह्या करून मी परत माहेरी, जोह्याला आले आणि उरलेल्या मूर्तींचे डोळे काढायला बसले. आमच्या कारखान्यात डोळ्यांच्या आखणीचा हात माझा होता आणि माझ्या संसारासाठी गणपती पुढे ढकलता येत नाहीत. शेजारच्या काकी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"गो रंजू, लगीन झालं ना तुजं? मग हितं काय करतंस?"

"डोळे," मी म्हटलं.

टेंपो भरला. मूर्तींच्या मध्ये पेंढा, वर ताडपत्री, ताडपत्रीवर दोरीने बांधलेली माझी सायकल. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एकेक दोरी ओढून बघितली. मग ड्रायव्हरच्या खिडकीशी येऊन म्हणाले, "सावकास ने रं. कच्चा माल हाय."

आमच्याकडे कच्चा माल म्हणजे अजून रंग न लागलेली मूर्ती. ड्रायव्हर गोंधळला. "दादा, सगळा तर रंगवलेला हाय. कच्चा कंचा?"

दादांनी हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. "ही काय."

मी चाळिशीला आलेली बाई. ड्रायव्हर वडखळपर्यंत हसत होता. वडखळला डोलवीच्या कंपनीचे ट्रक आडवे आले, तेव्हा त्याचं हसू थांबलं आणि शिव्या सुरू झाल्या. पेण, वडखळ, नागोठणं, रोहा. एवढंच माझं स्थलांतर. विमान नाही, व्हिसा नाही. दुबईला गेलेली माझी मैत्रीण म्हणते, "तू कुठं गेलीस गं, एस.टी.ने जाऊन संध्याकाळी परत येशील." पण गेलेल्यांना माहीत असतं आणि मागे राहिलेल्यांनाही सांगते, अंतर किलोमीटरमध्ये नसतं. जोह्यात माझ्या नखांत रंग असायचा आणि सगळं गाव मला रंजू म्हणायचं. रोह्यात मी सकाळी कुकर लावत होते, शिफ्टप्रमाणे डबा भरत होते आणि घरात दोन मुलं होती, जी माझी नव्हती.

सई पाच वर्षांची, सोहम तीन. सोहम तान्हा असताना त्यांची आई आजाराने गेली. सोहमचं सोपं होतं. जो खायला देईल त्याला तो आई म्हणायचा. एकदा सिलेंडरवाल्यालाही म्हणाला होता. सई मला काहीच म्हणायची नाही. हवं असेल तर ओढणी ओढायची.

त्या वर्षी आमचा दीड दिवसाचा गणपती विसर्जन करून आम्ही घरी आलो. मी पाट पुसून ठेवला आणि बघते तर माझी कपड्यांची पिशवी दाराशी. सईने कॉटखालून ओढत आणली होती.

"ही का काढलीस?"

"गणपती गेले ना," सई म्हणाली.

प्रमोद हसायला लागला. मला मात्र पटलं. मी गणपतीच्या टेंपोतून आले होते, उतरताना माझ्या मांडीवर आमची मूर्तीही होती. एकत्र आलेले एकत्र जाणार, यात चूक काय? मी पिशवी परत कॉटखाली सरकवली आणि म्हटलं, "मी नाही जात, मला उद्या डाळ भिजवायची आहे." तिने मान डोलावली, पण विश्वास बसलेला दिसला नाही. त्यानंतर रोज सकाळी उठली की ती आधी जिन्याखाली जाऊन माझी सायकल आहे का ते बघून यायची. मला वाटलं, पोरीला सायकल आवडते.

सायकल मला लागायचीच. आमचं घर अष्टमीला, मुलांची शाळा पुलापलीकडे रोह्यात, आणि मोटरसायकल प्रमोदबरोबर धाटावला कंपनीत. पहिले काही दिवस मी सोहमला पुढे दांडीवरच्या छोट्या सीटवर आणि सईला मागे कॅरिअरवर बसवून नेलं. सोहम घंटी वाजवत राहायचा, सई पाय चाकाच्या बाजूला लोंबकळत सोडायची. एकदा सोहमला उतरवून घेताना सायकल स्टँडवरून कलंडली आणि सई शाळेच्या फाटकात चिखलात बसली. रडली नाही. पण मी त्याच दिवशी ठरवलं, हे असं चालणार नाही. सायकलला मागे काहीतरी जोडायचं.

काय जोडायचं, यावर आमच्या घरात मार्गशीर्ष आणि पौष गेले. प्रमोदला फोनवर एक अर्धी सायकल सापडली होती. पुढचं चाक नाहीच, हँडल, सीट, पॅडल आणि मागचं एक चाक. ती मोठ्या सायकलच्या सीटखालच्या दांड्याला अडकवायची. मूल मागे बसून स्वतः पॅडल मारतं. "सईला व्यायाम," प्रमोद म्हणाला. मी म्हटलं, "आणि सई पुलावर पेंगली तर? आणि सोहमला काय टांगायचं?" अर्धी सायकल बाद.

माझ्या मनात पुढे पेटी असलेली सायकल होती. तीन चाकं, पुढे मोठी लाकडी पेटी, पेटीत बाकडं, मुलं तोंड आपल्याकडे करून बसलेली. मला ते चित्र बघताक्षणी पटलं, आणि त्याचं कारण दादा. कारखान्यातून मूर्ती नेणाऱ्या प्रत्येकाला दादा एकच सांगतात: मूर्तीचं तोंड आपल्याकडं ठेवा. जन्मभर ऐकलेलं. मोडण्यासारखी वस्तू पाठीमागे न्यायची, हे माझ्या डोक्यात बसतच नव्हतं. पण पेटीची सायकल म्हणजे नवीन सायकलच. सईने विचारलं, "मग ती जुनी कुठे जाणार?"

"राहील जिन्याखाली."

"तुझीच?"

"माझीच."

"मग नको," सई म्हणाली आणि निघून गेली. का नको, ते आम्ही दोघा शहाण्यांनी विचारलं नाही.

राहिली दोन चाकांची मागची गाडी. वर कापडाचा तंबू, समोर जाळी, आत दोघांना पट्टे, मागे उंच काठीवर लाल झेंडी. ट्रेलर म्हणतात. तशी एक प्रमोदच्या कंपनीतल्या साहेबांच्या पार्किंगमध्ये धूळ खात होती. ते परदेशातून परत आले तेव्हा सामानात घेऊन आले आणि त्यांची मुलं तोवर मोठी झाली. दुसरी बाजारातला फॅब्रिकेशनवाला बनवून देतो म्हणत होता. त्याची कडी सीटखालच्या दांड्याला, साहेबांच्या गाडीची मागच्या चाकाच्या आसाला. ऐकायला हा फरक बारीक वाटतो. मी दोन्हीत तांदळाची गोणी ठेवली आणि सायकल मुद्दाम आडवी पाडली. फॅब्रिकेशनवाल्याच्या नमुन्यात सायकलबरोबर गाडीही कलली. साहेबांच्या गाडीचा जोड फिरता होता. सायकल आडवी, गाडी मात्र जागच्या जागी उभी, गोणी तशीच बसलेली.

"ताई, तुम्ही गाडी बघताय की माझी परीक्षा?" फॅब्रिकेशनवाला म्हणाला.

"परीक्षा," मी म्हटलं. तो मोठ्याने हसला आणि पुढे त्यानेच साहेबांच्या गाडीची गंजलेली पिन बदलून, पिन निसटलीच तर म्हणून वरून एक जाड पट्टाही लावून दिला.

सई हे सगळं बघत होती. तिने पुढे येऊन जोड दोन्ही हातांनी धरला आणि सगळं अंग टाकून ओढला.

"हे सुटत नाही ना?"

"पिन काढल्याशिवाय नाही."

"पिन कोण काढतं?"

"मी."

तिचं तोंड पडलं. मला वाटलं, घाबरली.

तरी माझं मन तयार होईना. मुलं पाठीमागे, जाळीच्या आत, मला दिसणार नाहीत. मी दादांना फोन लावला.

"तोंड आपल्याकडं पायजे म्हणता ना तुम्ही? हितं पोरं मागं."

"पोरं कुणीकडं बघत बसतात?" दादांनी विचारलं.

"पुढं. माझ्या पाठीकडं."

"मग तोंड तुझ्याकडंच हाय की गो!"

"पण मला ती दिसत नाय."

"मूर्ती नेताना तिच्या तोंडावर रुमाल असतो. तेव्हा तरी तुला काय दिसतं? कायतरीच इचारतंस. फोन ठेव, साचा भरलेला हाय." आणि त्यांनीच ठेवला.

गाडी घेतली. आता रस्त्यावरची परीक्षा. स्टॉलवर आधीच्या खेपेतल्या दोन कच्च्या मूर्ती विकायच्या राहिल्या होत्या, पांढऱ्या, डोळे नसलेल्या. मी त्या आणल्या, शेजारी शेजारी बसवल्या, भोवती गोधड्या ठासल्या, पट्टे आवळले आणि रोह्यातला एकही स्पीडब्रेकर सोडला नाही. माघ जवळ आला होता. नाक्यावर एका आजींनी चपला काढून हात जोडले.

"माघी बसवतंस का गो?"

"नाय आजी, गाडी तपासते."

"देवाला बसवून?" आजी म्हणाल्या. "मग पास होणारच."

झाली. ना कान तुटला, ना बोट. मी इतकी खूश झाले की दुसऱ्या दिवशी मुलांनाही तसंच भरलं. डावीकडे गोधडी, उजवीकडे गोधडी, मध्ये उशी, पायाशी चादरीची घडी, वर पट्टे. दोघांची फक्त नाकं दिसत होती. कुठेही हलायला जागा नाही. जोह्यात याला चांगलं भरणं म्हणतात. पुलापर्यंत पोचायच्या आत सोहमने असं भोकाड पसरलं की एस.टी.च्या ड्रायव्हरने वाकून बघितलं. घामाने दोघंही भिजलेली, सईचं हेल्मेट उशीने पुढे ढकलून नाकावर आलेलं.

संध्याकाळी प्रमोदने एकेक गोधडी बाहेर काढली. "अगं, ही पोरं आहेत. यांना हलायचं असतं. तू टेंपो भरलास."

"माझा माल आजवर फुटलेला नाही."

"फुटला नाही, पण उकडला."

गोधड्या गेल्या. पट्टे राहिले, पाण्याची बाटली राहिली आणि सोहमची एक प्लास्टिकची बकरी. तेव्हापासून गाडी छान चालली. मागून दोघांची भांडणं ऐकू येतात, गाणी ऐकू येतात, आणि ती गप्प झाली की काहीतरी उद्योग चालू आहे हे कळतं. आरशाची गरज पडत नाही.

एका रविवारी आम्ही कालव्याच्या कडेच्या रस्त्याने निघालो. मी पुढे, गाडी मागे, प्रमोद भाड्याच्या सायकलवर. कालव्याला पाणी सोडलेलं होतं, दुबार भाताची रोपं हिरवीगार. आंब्याच्या सावलीत चादर टाकली आणि लक्षात आलं की वडे घ्यायचे राहिले. टपरी मागे वळणावर होती. मुलं चादरीवर, प्रमोद त्यांच्याजवळ. मी पट्टा सोडला, पिन काढली, गाडी सावलीत ठेवली आणि मोकळ्या सायकलवर टांग मारली.

थोडी पुढे गेले असेन. मागून किंकाळी आली. सई अनवाणी धावत होती, रस्त्याच्या खडीवरून, दोन्ही हात पुढे करून. मी ब्रेक दाबले. तिने येऊन कॅरिअर धरलं.

"पिन का काढलीस?"

"वडे आणायला चालले."

"मग गाडी का सोडलीस?"

"रिकामी गाडी कशाला ओढू?"

"तू जोह्याला चाललीस," ती म्हणाली. धाप लागलेली, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. जिन्याखाली सायकल आहे का हे ती रोज का बघत होती, जुनी सायकल माझ्यापाशी राहणार म्हटल्यावर पेटीची सायकल का नको होती, आणि जोड ओढून काय तपासत होती, ते मला तिथे कालव्यावर उभं राहिल्यावर कळलं. ती आणि सोहम माझ्या सायकलला कायमचे जोडलेले तिला हवे होते.

समजावण्यात वेळ घालवणं मला जमत नाही. मी सायकल वळवली, गाडीपाशी आले आणि पिन तिच्या हातात दिली. "लाव."

तिने लावली. जोड ओढून बघितला. पट्टा मी आवळला. मग सई गाडीत बसली, सोहमला काय चाललंय हे कळलं नाही पण तोही चढला, आणि आम्ही तिघं वडे आणायला गेलो. प्रमोद चादरीवर एकटा बसून राहिला. परत आलो तेव्हा तो म्हणाला, "मला कुणी पिन लावणार आहे का?"

त्या दिवसापासून पिन सईकडे. घरी गाडी जिन्याखाली मावत नाही, म्हणून रात्री ती सोडावी लागते. पिन सईच्या उशाखाली जाते. सकाळी पिन लागल्याशिवाय सायकल हलत नाही. मुलं शाळेत असताना मी बाजारात जाते तीही मागे गाडी लावूनच. आधी भाजीवाल्या हसायच्या. "ताई, पोरं इसरलात का?" आता त्यांना माझी सवय झाली आहे. गाडी रिकामी दिसली की कलिंगड आत जातं, शेजारणींच्या पिशव्या आत जातात. परवा एकीने आपली शिलाई मशीन दुरुस्तीला माझ्याबरोबर पाठवली.

गणपती पुन्हा आले. या वर्षी शेवटच्या मालाबरोबर दादा स्वतः टेंपोत बसून रोह्याला आले, आमची मूर्ती घेऊन. डोळ्यांची आखणी आता वहिनी करते. मी मूर्ती हातात घेऊन डोळे बघितले. उजवा जरा मोठा आहे. वहिनी, वाचत असशील तर राग मानू नकोस, पण आहे.

दादांनी गाडी बघितली. चहा नंतर. आधी चाकं फिरवली, झेंडी हलवली, एकेक पट्टा ओढून बघितला, जसा टेंपोच्या दोऱ्या बघितल्या होत्या.

"पिन कोण लावतो?"

"मी," सई म्हणाली.

दादांनी जोड ओढला. "बरी लावतंस." मग गाडीवर थाप मारून मला म्हणाले, "सावकास ने गो रंजू. कच्चा माल हाय."

"कच्चा माल म्हणजे?" सईने विचारलं.

"ज्याला अजून रंग लागला नाय तो."

सईने तळहात पुढे केला. शाळेतल्या स्केचपेनने निळा झालेला. "लागलाय."

"व्हय की," दादा म्हणाले. "पण सुकला नाय अजून."

स्टॉलवरून घरी मूर्ती न्यायला आम्ही गाडीच नेली. सोहम बकरीसकट एका बाजूला, सई मूर्ती मांडीवर धरून दुसऱ्या बाजूला, मूर्तीच्या तोंडावर रुमाल. तोंड कुणाकडे, यावर स्टॉलवर चर्चा झाली. प्रमोद म्हणाला, जिच्या मांडीवर मूर्ती तिच्याकडे. दादा म्हणाले, मला इचारू नका, मी चा प्यायला चाललो. सईने मूर्ती फिरवून माझ्या पाठीकडे केली.

"मी फक्त धरलीय," ती म्हणाली. "नेतेस तर तू."

दीड दिवस कसा जातो ते सगळ्यांना माहीत आहे. दादा पहिल्या दिवशी जेवून जोह्याला परत गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंडलिकेच्या घाटावर आरती झाली, प्रमोद मूर्ती घेऊन पाण्यात उतरला आणि रिकामा पाट घेऊन वर आला, पाटावर मूठभर वाळू. त्याची दुसरी शिफ्ट अर्धी राहिली होती, तो तिथूनच कंपनीत गेला. घाटावर गर्दी झाली म्हणून मी गाडी आधीच सोडून बाजूला लावली होती. सायकल एकीकडे, गाडी एकीकडे. मी वाळूचा पाट गाडीत ठेवला, सोहमला बसवलं आणि सईकडे बघितलं. ती नदीकडे बघत उभी होती.

मला गेल्या वर्षीची दाराशी ठेवलेली पिशवी आठवली. मी सोहमचा पट्टा लावला. बोलून काय बोलणार, उद्या डाळ भिजवायची आहे?

सई आली. फ्रॉकच्या खिशातून पिन काढली, सायकल माझ्याकडून मागे घेववली, कडी जुळवली, पिन लावली. ओढून बघितली. मी पट्टा आवळला.

"गणपती गेले," ती म्हणाली.

"व्हय," मी म्हटलं.

"चल मग घरी."

ती गाडीत शिरली, पाट सरकवून बसली, स्वतःचा पट्टा स्वतः लावला. मी सायकलवर बसले. गर्दीतून वाट काढत पुलाला लागले. चढावर जरा जोर दिला तशी मागून, जाळीच्या आतून, अगदी दादांच्या स्वरात आरोळी आली, आणि पुलावरचे लोक वळून बघायला लागले:

"सावकास गो रंजू! कच्चा माल हाय!"

रोह्यातल्या कुणी मला आजवर रंजू म्हटलं नव्हतं. घर पुलाच्या पलीकडे होतं. मी सावकाश नेली.